गाडी घाटात न्यायची आहे

बनारसच्या गॅरेजात स्कूटरची वाट पाहणाऱ्या ईशानीच्या कानावर अचानक मराठी पडलं. शेजारच्या बाकावरचं जोडपं उद्या छोट्या घरगाडीतून बद्रीनाथला निघणार होतं.

“अहो, गिअरचं तेल थंड ठेवणारा कूलर मिस्त्रीने बसवलाच नाही.”

“मी बजावलं होतं त्याला!”

“काय बजावलंत?”

“गाडी लेके घाट में जाना है.”

“तो म्हणतो, गंगेच्या घाटापर्यंत जायला कूलर कशाला?”

“अगं, आपल्याकडे डोंगरातल्या रस्त्याला घाटच म्हणतात.”

“मागच्या खेपेला चढावर तेल तापून गिअर सुटला, गाडी मागे घसरली. आई आत झोपल्या होत्या.”

“माहीत आहे मला.”

“मग उठा, जाऊन त्याला पहाड म्हणा. नाहीतर खांद्यावरून आणतील आपल्याला इथल्याच घाटावर. मणिकर्णिकेच्या.”