हर्षालीच्या नडगीतल्या सात रेघा

—न्हाय पाव्हणं, उलटा धरलाय तुमी एक्सरे. असा. ह्यो गुडघा, ही नडगी — माझ्या नातीची. ती पलीकडं केळं खातीय ना, ती हर्षाली. हाडं जन्मापासनं ठिसूळ, म्हणून दर चार महिन्याला सोलापूरला हाडाच्या औषधाचं सलाईन. आता ह्या आडव्या रेघा मोजा — सात. तडे वाटत्यात ना? मला बी वाटलं. त्यात मी गवंडी, ते बी सास्तूरचा — भूकंपापासनं आमी कुणाकडं बी गेलो तर चहाच्या आधी भिंतीतले तडे बघतो. रेवणसिद्ध मिस्त्रीला दाखवला, तो म्हणला, तड्यात सिमेंटचं पाणी सोडावं लागंल. मग काय — पोरगी सतरा दिवस खाटंवर, शाळा बंद, वॉकर माळ्यावर. सून म्हणायची, मामंजी, डागतर चालवा म्हणलेत. म्या म्हणलं, डागतरला काय कळतंय बांधकामातलं?

आज सुनेनं वॉकर खाली काढून संगं घेतला; मी भांडायलाच गेलतो. पिशवीत भिंत सरळ हाय का बघायचा ओळंबा हुता — कशाला ते इचारू नका. डागतरीणबाई लई हसली. म्हणली, आजोबा, तडे न्हाईत, सलाईनच्या खुणा हायत — वाढत्या हाडावर एका सलाईनची एक रेघ. दोन रेघांच्या मधी जेवढी जागा, तेवढी पोरगी वाढली. म्हंजी थर हो! थर चढतोय, आन् मीच काम बंद पाडून बसलेलो. वरनं म्हणली, झोपवून ठेवलं तर हाड आणखी कमजोर हुतंय. सुनेनं फकस्त पोरीच्या पायात चप्पल घातली. मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

मी? न्हाय, मी न्हाय उचलत तिला. गुडघे दुखत्यात. सिमेंटचं पोतं उचलतो, ते येगळं — पोतं उचलताना गुडघे दुखत न्हाईत. चार महिन्याची हुती, काखंत धरून उचलली, आन् दंडातनं कट्ट आवाज आला. माझ्या हातात. त्याला सहा वर्सं झाली. म्हंजी — गुडघेच.

आली बघा लोहाऱ्याची एसटी. सून पाण्याला गेली ती गेलीच. पायरी लई उंच हाय. पाव्हणं, तुमी जरा उचलता का पोरीला — न्हाय, थांबा. डागतरीणबाईनं शिकवलंय. काखंत धरायचं न्हाय, एक हात बुडाखाली, एक पाठीला. हर्षाले, ये बाळा, केळं टाक. तुमी वॉकर धरा फकस्त. आन् आता माझ्याशी बोलू नका.