जोडीदाराचं नाव काहून गेलं

...अन् आमचे सर म्हणे, कंस नको! अवतरणचिन्ह नको, टिंब नको... मंग लिहायचं कशानं गा, कोळशानं? तुम्हाले सांगतो, आमच्या हापिसात माह्या बाजूच्या टेबलावर मुग्धा बसते, तिनं तीन आठवडे एकच ओळ लिहिली! वेब फॉर्ममध्ये एका उत्तरावरून पुढचा रकाना दाखवायचा का लपवायचा, ह्याचा नियम फॉर्म बनवणाऱ्या प्रोग्रामरनं कसा लिहावा, ते ठरवून राहिली होती बिचारी. ‘लग्न = हो, तर दाखव जोडीदाराचं नाव.’ झालं की नाही? नाही! आमचे सुशील सर म्हणतात, "अजून सोपं पाहिजे!" तिनं ‘तर’ काढला. "अजून सोपं पाहिजे!" तिनं बाण लावला. "बाण काहून? लोक घाबरतात!" आता बाणाले कोण घाबरते गा? मुग्धानं बाणही काढला. पंधरा दिवसांपासून नुसती मान हलवे... डबा खाऊन झाल्यावर विचारा, भाजी कोणती होती, तं तिले ठाऊक नसे!

मंग चाचणी. वाडीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचा फॉर्म, निवृत्त ड्रायव्हरांच्या दवापाण्याचा. भरायले आले रुपराव, तीस वर्षं ट्रक चालवलेले. लग्न झालं? हो. रकाना टपकन उघडला! सर खूश. रुपरावांनी एका बोटानं अक्षरं शोधू शोधू ‘कौसल्या’ लिहिलं, पाच मिनिटं लागली! पुढचा प्रश्न, जोडीदार हयात आहे? त्यांनी ‘नाही’ दाबलं... तिथंही नियम, ‘हयात = नाही, लपव’... अन् नावाचा रकाना गायब! घाबरून ‘हो’ दाबलं, रकाना आला, पण कोरा, लपल्याबरोबर आतलं पुसलं गेलं!

"पोरी," रुपराव बाजूले उभ्या मुग्धाले म्हणाले, "ती गेली हे मले मालूम आहे. नाव काहून गेलं?"

"काका, नियम आहे तो," सर म्हणाले, "एकदम सोपा!"

मुग्धानं खुर्ची ओढली अन् तिथंच नियम उलटा केला! रकाना लपला तरी आतलं जसंच्या तसं. पुसायचंच असंल तं ज्या त्या प्रोग्रामरनं नियमात ‘पुस’ म्हणून लिहावं. मंग रुपरावांनी नाव परत लिहिलं, ‘नाही’ दाबलं, ‘हो’ दाबलं... चारदा! चारही वेळा कौसल्या जागेवर. फॉर्म पाठवला, चपला घातल्या, गेले.

सोमवारी सरांनी काम तपासलं. वर पाहिलं, खाली पाहिलं. "मुग्धा, ह्यात नवीन काय केलं? दिसून तं काहीच नाही राहिलं!"

"नाही दिसणार, सर," ती म्हणाली, अन् पुढचं काम उघडलं... बटण हिरवं पाहिजे का निळं.