हिवाळ्यापुरती खोली

"हॅलो?… हां, अवनी! बोल गं."

२०२३ सालचा ऑक्टोबर सरायला एकच दिवस उरला होता. जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहरात मुलाच्या घरामागच्या गल्लीत सत्तरीच्या सरलाताईंनी आपली मोटरहोम नुकतीच उभी केली होती. निवृत्त झाल्यावर त्यांचे पती भास्करराव यांनी ब्राउनश्वाइगचं घर विकून ती हौसेनं घेतली, दोन उन्हाळे हिंडले आणि गेले. त्यालाही चार वर्षं झाली. तेव्हापासून सरलाताई एकट्याच गाडी चालवत गावोगाव फिरत. नंबरप्लेट एप्रिल ते ऑक्टोबर एवढीच चालणारी; बाकीचे महिने गाडी रस्त्यावर उभीही करता येत नसे. नोव्हेंबर लागला की गाडी एका शेतकऱ्याच्या कोठारात आणि सरलाताई मुलाकडच्या छोट्या खोलीत, हे ठरलेलं. यंदा सुनेला आठवा महिना होता. तिला चकित करायचं म्हणून त्या एक दिवस आधीच आल्या होत्या.

"अगं, ओळख बघू, मी आत्ता कुठे… काय? बरं बरं, तुझं आधी. सांग."

"कुणाचा व्हिसा?… आईबाबांचा! पण ते तर जानेवारीत येणार होते ना?… अचानक मिळाला?… आज? आज पोचलेसुद्धा? अगं बाई! आणायला कोण गेलं होतं?… हृषिकेश. छान. छान झालं."

बोलता बोलता सरलाताईंनी गाडीतला दिवा बंद केला.

"नाही गं, मला कशाला वाईट वाटेल? पहिलं बाळंतपण माहेरचंच. हृषीच्या वेळी मी नव्हते का गेले सातव्यातच साताऱ्याला? ह्यांनी त्याला पहिल्यांदा बघितलं, तेव्हा तो चार महिन्यांचा होता. विमानतळावर ह्यांच्याकडे दिला, तर असा भोकाड पसरला… सांगितलंय का आधी? बरं. मग राहू दे."

"खोलीचं काय त्यात? एकच तर खोली आहे, ती त्यांचीच… हॉलमध्ये गादी? कुणाला, मला? वेडी का तू? तुझे बाबा रात्री चारदा उठतात म्हणतेस. त्यांच्या वाटेत मी आडवी!… हसू नकोस एवढी, पोट दुखेल."

"उद्या? छे गं, निघालेय कुठे अजून. बोडेनझेलाच आहे. हो, तळ्याकाठी… दिसतंय की, समोरच."

समोर जुन्या कागदांचा डबा होता आणि खांबाला साखळीनं बांधलेली कुणाची तरी सायकल.

"अगं, ऐक ना. हेल्गा आहे बघ माझी मैत्रीण. तिच्याकडे खोली रिकामीच आहे. ती कधीची मागे लागलीय, हिवाळा इथेच काढ म्हणून. मीच तुला फोन करणार होते, यंदा जमायचं नाही म्हणायला. धीर होत नव्हता. बघ कसं जुळून आलं!… हो, हीटिंग आहे. गेनाऊ, बरोबर. अगदी गरम."

हेल्गा सप्टेंबरातच स्पेनला निघून गेली होती.

"कोण?… दे की. नमस्कार, विहीणबाई! प्रवास कसा झाला?… पाय सुजले? मीठ घालून गरम पाण्यात बुडवा… नाही हो, सीटवर कशाला झोपेन? पलंग आहे चांगला. स्वयंपाकाचा ओटा आहे. संडाससुद्धा आहे… मीच रिकामा करते, दुसरं कोण?… हसा, हसा. ह्यांना मीही तेच म्हटलं होतं, बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडायला आपण काय गोगलगायी आहोत?"

"घर?… नाही, ते विकलं. पत्ता हृषीचाच लावलाय. कागदोपत्री मी तुमच्या लेकीच्याच घरात राहते, बरं का!… भीती नाही वाटत. सवय होते… डिंकाचे लाडू आणलेत? वा! मग काळजीच मिटली."

ओट्यावर कालच वळलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा होता. सरलाताईंनी हात लांबवून त्याचं झाकण घट्ट बसवलं.

"हां, अवनी, ठेवू का मग?… कोण, हृषी आला दूध घेऊन? अगं, भिजून आलाय तर आधी कपडे बदलू दे त्याला… बरं, दे."

"बोल रे… हो, कळलं. आनंदच झाला… बोडेनझेला… जेवायचंय अजून. खिचडी टाकेन… आवाज? कसला आवाज?"

टपावर पाऊस ताडताड वाजत होता.

"टीव्ही असेल शेजाऱ्यांचा. इथे सगळं कोरडं आहे."

"कुठे बघितलीस?… मागच्या गल्लीत? असेल कुणाची तरी. पांढऱ्या गाड्या सगळ्या सारख्याच दिसतात, बाळा… काय? मागच्या काचेला इरकली लुगड्याचा पडदा?"

सरलाताईंनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

"हल्ली जर्मन लोकांनाही आवडतं तसलं कापड."

"हृषी?… आहेस ना?"

"काय म्हणालास?… सावकाश चालव? अरे, मी कुठे चालवतेय? मी तर इथे…"

 पलीकडे जिन्यातला आवाज घुमत होता. तो फोन घेऊन दाराबाहेर आला असावा.

"तिला नाही ना सांगितलंस?… बरं केलंस. नको, खाली नको येऊस. माझी शपथ आहे. विहीणबाई खिडकीशी येतील, जयंतराव येतील. आल्या दिवशी त्यांनी बघायचं, की जावयाची आई गल्लीत गाडी लावून बसलीय आणि तळ्याच्या गोष्टी सांगतेय? आणि ती पोर रडत बसेल, तेही आत्ता… नाही. हॉलमध्ये नाही, हृषी. जागेचा प्रश्न नाही रे. मी त्या घरात पाहुणी म्हणून यायचं, की… जाऊ दे. नव्वद दिवसांचा तर व्हिसा. ते गेले की येईन."

"सापडेल जागा. उद्याचा अख्खा दिवस आहे… अरे, रडतोस काय? डोळे पूस आधी. मग आत जा. पानं वाढली असतील… हो. हो रे. सावकाशच चालवते. ठेवते."

त्यांनीच फोन बंद केला. गल्ली अरुंद होती. गाडी मागे घेताना दोन्ही आरशांत बघावं लागलं, त्यामुळे घराकडे बघायचं राहिलं.

तो हिवाळा सरलाताईंनी श्वार्त्सवाल्डच्या डोंगराळ जंगलात, वर्षभर उघड्या असणाऱ्या एका कॅम्पिंगच्या जागेत काढला. शेजारी एक म्हातारा होता, तो सकाळी दिसला की 'मॉर्गन' एवढंच बोलायचा. डिसेंबरात अवनीला मुलगी झाली, ऊर्जा. जानेवारीअखेर तिचे आईबाबा, जयंतराव आणि शोभनाताई, नाशिकला परतले. आमच्या विहीणबाईंना तळ्याकाठीच करमतं, असं शोभनाताई अजून कौतुकानं सांगतात. अवनीलाही तेच खरं वाटतं. फेब्रुवारीत सरलाताई रेल्वेनं कार्ल्सरूहेला गेल्या आणि एप्रिल लागेपर्यंत नातीला अंगाखांद्यावर घेऊन राहिल्या. मग पुन्हा गाडी.

हृषिकेश आता रोज संध्याकाळी फोन करतो. जेवलीस का, विचारतो. गॅस आहे ना, विचारतो. कुठे आहेस, हे मात्र कधीच विचारत नाही.