चार भरली

सांगायचं नव्हतं मॅडम, कुणालाच सांगायचं नाही असं गाडीतच ठरलं होतं. पण तुम्ही एवढ्या उन्हाचं चालत आलात, आणि फॉर्म अजून हातातच धरून बसलाय. आई आत्ता तुम्हाला म्हणाली ना, ‘तिलाच जायाचं न्हाई हॉस्टेलला, साताऱ्यात करमायचं न्हाई तिला’ — ते खरं नाही. म्हणजे मीच तिला तसं सांगितलंय, तरी खरं नाही. हळू बोलते, ती आत चहा टाकतीये.

आम्ही मे महिन्यात समुद्राला गेलो होतो, गुहागरला. पप्पूकाकांची जीप. पप्पा आर्मीत, त्यांना सुट्टी मिळाली नाही. काकू बाळंतपणाला माहेरी. म्हणजे काकूची तिघं आणि आमचा शिवतेज, चारी आईकडं आणि माझ्याकडं. सगळ्यात मोठं सहा वर्षांचं. फिरायला म्हणून गेलो, पण मॅडम, घरात निदान दाराला कडी असते, तिथं सगळंच उघडं — एकाला शू लागलेली, एकीला भूक, एकीच्या डोळ्यात वाळू. आईनं समुद्राकडं नीट बघितलंच नाही. मी विचारलं, आई, कसा वाटला? तर म्हणाली, ‘लय मोठा हाय. पर कापडं वाळंनात हितं.’

आणि आमच्यात मोजायची एक रीत आहे. आबांची, म्हणजे आजोबांची. त्यांनी जन्मभर मेंढरं राखली, या माणदेशातनं खाली घाटापर्यंत. संध्याकाळी मेंढरं कोंडताना ते काठी आडवी धरायचे आणि काठीखालनं एकेक आत सोडायचे. तोंड बघायचं नाही, पाठ मोजायची. शेवटचं आत गेलं की म्हणायचे, ‘भरली.’ आबा बरोबर होतेच, तशीच काठी त्यांनी जीपच्या मागच्या दाराशी धरली. पोरांना मजा — बें बें करत वाकून जायची. आई म्हणालीसुद्धा, ‘आवं आबा, लोक बघत्यात.’ तर आबा म्हणाले, ‘बघू दे की. तीनशे मेंढरांत एक कवा चुकलं न्हाई माझं, ही चार चुकत्यात व्हय?’

दुसऱ्या दिवशी आईनं टपरीवरनं चार टॉवेल घेतले, चारी केशरी. टपरीवाल्याकडं तोच एक रंग होता, त्यामुळं सगळ्या किनाऱ्यावर केशरी टॉवेल. दुपारी निघालो. पोरं भिजलेली, पेंगुळलेली, डोक्यावरनं टॉवेल गुंडाळलेले. काठीखालनं चार पाठी गेल्या. आबा म्हणाले, ‘चार भरली. हाण रं पप्पू.’

त्यातलं एक आमचं नव्हतं.

हसा मॅडम, पप्पूकाका पण नंतर हसले. कुणाची तरी मुलगी होती, तीनेक वर्षांची, बें बें ऐकून आमच्या पोरांच्या मागं आली असणार. माझ्या मांडीवर बसली आणि डोकं टेकलं. आणि शिवतेज तिकडं होडीच्या आड खेकड्याचं बीळ उकरत बसलेला.

खाडीच्या पुलापाशी मी ओरडले, काका थांबा, हा शिवतेज नाही! म्हणून घरात सगळे म्हणतात, सृष्टी होती म्हणून कळलं. आबांनी डोक्यावरनं हात फिरवला — ‘डोळा हाय पोरीला.’ आणि आई तेव्हापासनं नुसती बघते माझ्याकडं. परवा भाकरी थापता थापता म्हणाली, ‘तू गेलीस मंजी...’

पण मला पुलापाशी कळलं नव्हतं, मॅडम. गाडी सुरू व्हायच्या आधीच कळलं होतं. टॉवेलातनं तिची बोटं बाहेर आली, नखांना गुलाबी नेलपेंट. मी बघितलं आणि गप्प बसले. का? सकाळपासनं चौघांच्या मागं धावत होते, माझे स्वतःचे पाय घोट्याच्या वर भिजले नव्हते — आणि ही कुणाची का असेना, शांत होती. हे एक. दुसरं म्हणजे मला बघायचं होतं, मी नाही बोलले तर कुणाला कळतं का. वाटलं आईला कळेल. आत्ता कळेल. आईनं मागं वळून बिस्किटं वाटली, तिच्याही हातात दिलं. तोंडाकडं बघून दिलं, मॅडम. ओठाची वाळू पदरानं पुसली आणि पुढं वळून बसली. आईचं चुकलं असं नाही म्हणत मी. इतकी दमली होती की तिला दिसतच नव्हतं काही. पूल येईपर्यंत पाच मिनिटं गेली. जास्तच.

परत गेलो तर भरती लागलेली. शिवतेज गुडघाभर पाण्यात, एका मासळीवाल्या बाईनं त्याचा दंड धरलेला. त्या मुलीची आई धावत आली, मुलगी उचलली आणि आम्हाला एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवतेज रडला नाही. म्हणाला, ‘मी हितंच हुतो. तुमीच गेला.’ आबांनी गाडीत सगळ्यांना शपथ घातली, पप्पांना फोनवर बोलायचं नाही, गावात बोलायचं नाही. त्या दिवसापासनं त्यांनी काठी धरलेली नाही, मेंढरंसुद्धा काकाच कोंडतात.

आता सगळ्यांचा भरवसा माझ्याच डोळ्यावर, म्हणून मी आईला म्हणलं, मला नाही जायचं. खरं सांगितलं असतं ना, की मी मुद्दाम गप्प होते, तर माझ्यावर एवढा भरवसा कुणी ठेवलाच नसता, मी सुटले असते. रोज ठरवते सांगायचं. आणि रोज दुपारी आई धाकट्याला माझ्याजवळ देऊन जरा पडते, आणि इतकी गाढ झोपते की मला काही बोलवत नाही.

नका असं बघू. मला यायचंय, मॅडम. तुम्ही म्हणालात ना, एका खोलीत चार मुली, सगळ्या माझ्याएवढ्या — म्हणजे कुणालाच अंघोळ घालायची नाही. आले गं आई! — उद्याच शेवटची तारीख ना? आज सांगते मी तिला. बिस्किटाचं नाही सांगणार, फक्त माझं सांगणार. आणि मग ती जे म्हणेल ते — आले म्हणलं ना! — फॉर्म एवढ्यात पिशवीत घालू नका, मी फक्त ह्या पोरांना जरा—