उजवीकडे पळणारा चेंडू

गोल्फच्या सराव मैदानावर मी माझ्या पाळीची वाट बघत होते. पुढे एक गृहस्थ बायकोला शिकवत होते.

"परत उजवीकडे! अगं, झेंडा समोर आहे. उद्या स्पर्धेत माझं नाक कापणार आहेस तू."

"तुम्हीच म्हणालात, अंग डावीकडे वळव."

"मग आणखी वळव! साधी अक्कल नको? थांब, पाणी आणतो."

ते गेल्यावर शेजारची प्रशिक्षक म्हणाली, "ताई, डावीकडे वळलात की चेंडू जास्तच उजवीकडे पळतो. खांदे झेंड्याच्या रेषेत ठेवा. पकड जरा उजवीकडे फिरवा."

चेंडू सरळ झेंड्यापाशी पडला.

"बघ! माझं ऐकलं की कसा जातो," गृहस्थ परतताना ओरडले.

"अहो, पाणी तिथं ठेवा आणि निघा तुम्ही. मी माझी येईन घरी."