लोंबकळणारे पाय

अमरावतीत हाडांच्या डॉक्टरकडे नंबरची वाट पाहत बसलो होतो. शेजारी मूर्तिजापूरकडचे एक शेतकरी आणि त्यांची ऑफिसात टायपिंग करणारी मुलगी प्रणिता बोलत होते.

“खुर्चीत बसून कंबर कशी दुखते, पोरी?”

“खुर्ची लय उंच आहे, बाबा. पाय दिवसभर लोंबकळत राह्यतात. मांगं टेकलं तर हात टेबलापर्यंत पोचत नाही.”

“मंग मले काहून नाही सांगितलं?”

“कपाशी वेचून वेचून आईची कंबर गेली. माही जाऊ नये म्हणून तुमी मले शिकवलं. आता खुर्चीतबी दुखते, हे कोण्या तोंडानं सांगू?”

“तुही मायबी काही सांगे नाही. उठताना भिंत धरे, अन मले वाटे, थकली असंन.”

“तुमी कायले मनाले लावून घेता?”

“घरी पाट पडला आहे. उद्या आणून देतो. पायाखाली घेत जाय.”

“ऑफिसात पाट? लोक हासतीन, बाबा.”

“हासू दे. पाय तं टेकतीन.”

ती हसली. तेवढ्यात तिचा नंबर पुकारला.

“चाल. अन डॉक्टरले थोडंसंच दुखते म्हणू नोको. जेवढं दुखते तेवढं सांगजो.”