अंजनाच्या टाळूचा साचा

साखराबाई : धुतला की साहेब, चांगला दोनदा धुतला. मग उन्हात ठिवला.

डॉक्टर : उन्हात? अहो साखराबाई, मी ओल्या फडक्यात गुंडाळून दिला होता ना?

साखराबाई : दिलता. पर लेकराच्या तोंडातनं निघालेली चीज, उष्टी. परत तुमी हात लावणार. आमच्यात उष्टं धुतल्याबिगर, ऊन दाखवल्याबिगर दुसऱ्याच्या हातात देत न्हाईत.

डॉक्टर : अरे देवा! अंजनाच्या टाळूच्या भोकाचा साचा होता हा. बघा, वाळून केवढासा झाला!

साखराबाई : मग भिजत घाला. डाळ न्हाई का फुगत?

डॉक्टर : फुगेल, पण वेडावाकडा. त्यावर केलेलं झाकण तिच्या टाळूत बसायचं नाही.

साखराबाई : दुसरा घ्या मग. ही काय, हितंच बसलीय. अंजे, आ कर गं.

डॉक्टर : कशाचा घेऊ? ह्या साच्याची पावडर जपानची. लढाई लागली, माल बंद झाला. हैदराबादेत नाही, मुंबईत नाही. शेवटची पुडी तिच्यासाठी राखली होती.

साखराबाई : मास्तराच्या दाताचा घेतलाव की सकाळी, पांढऱ्या चुन्याचा!

डॉक्टर : तो तोंडात दगड होतो. भोकात अडकला की ओढताना टाळू फाटेल पोरीची. हे खरवसासारखं लवतं, बाहेर येतं, परत होतं तसं होतं. म्हणून तर...

साखराबाई : मग सांगितलं कावून न्हाई? वाळवू नका म्हणून येक सबद?

डॉक्टर : तहसीलदारसाहेबांची दाढ ठणकत होती, शिपाई दारात उभा. जाण्याआधीच, साचा ओला असताना, त्यावर चुना ओतून पक्का ठसा घ्यायला हवा होता मी. अर्ध्या तासात येतो म्हणालो आणि दुपार झाली. चूक माझीच आहे.

साखराबाई : तुमची कशी? माज्या हातानं वाळवला, ह्या हातानं! खाल्लेलं नाकातनं येतं, लोकं तोंड फिरवत्यात, म्हणून नऊ वर्साची पोर गोठ्यात बसून जेवती. औंदा मामाच्या लग्नात पंगतीला बसवते म्हणलं होतं तिला. नवा परकर शिवलाय. आता काय सांगू?

डॉक्टर : लढाई संपली की माल येईल.

साखराबाई : कवा संपंल?

डॉक्टर : मला काय ठाऊक, बाई?

(अंजना आईचा पदर ओढते.)

डॉक्टर : तिला काहीतरी म्हणायचंय.

साखराबाई : बोलणं समदं नाकातनं जातंय, साहेब. घरच्यालाबी कळत न्हाई. येकच सबद तेवढा नीट येतो तिला.

अंजना : माय.